बिऱ्हाडकरू आधी, घर नंतर



ह्या सदरात मी आजवर गुडघेदुखी, साखर, ब्लडप्रेशर आणि गोळ्यांच्या वेळा ह्यांवर लिहीत आले आहे. ह्या खेपेस विषय मुंग्यांचा घेते. मुंग्या घालवायच्या कशा ते तुम्हांला माहीत आहे, पाळायच्या कशा ते सांगते. हसू नका. मालिद्याच्या ताटाभोवती हळदीची रेघ ओढणाऱ्या आमच्या पिढीला हे चमत्कारिक वाटेल, पण हल्लीची मुलं काचेच्या घरात मुंग्यांची अख्खी वसाहत पाळतात, आणि त्यात एका नर्सनं बोलावं असं बरंच काही आहे.

विषय आला सौदी अरेबियातून. माझी एक वसईची मैत्रीण आहे. मुंबईला नर्सिंगच्या हॉस्टेलात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी इकडे आले, ती पुढे नोकरीला रियाधला गेली, पुष्कळ वर्षं तिथला वॉर्ड सांभाळून वसईला परतली. आता तिची लेक रियाधला नर्स आहे. लेकीची मुलगी बारा वर्षांची. तिला मुंग्या पाळायच्या होत्या. आईनं साफ नाही म्हटलं, म्हणून तिनं आजीला गळ घातली आणि आजीनं मला. प्रश्न रियाधहून वसईला, वसईहून माझ्या फोनवर. उत्तर त्याच वाटेनं परत. असं सात-आठ महिने चाललं.

आई नाही म्हणाली ते उगीच नव्हे. तिथं एक काळपट मुंगी आहे, तिला 'समसुम' म्हणतात. शास्त्रीय नाव ब्रॅकिपोनेरा सेन्नारेन्सिस. मूळची आफ्रिकेची. सुदानमधल्या सेन्नार गावावरून १८६२ साली तिचं नाव ठेवलं गेलं. आज ती सौदी, यूएई, येमेन, ओमान अशी सगळीकडे आहे, इराणातही पोचली आहे. लांबी अर्ध्या सेंटीमीटरहून थोडी जास्त, अंग सडपातळ, दिसायला अगदी गरीब. तिला ओलावा लागतो, आणि वाळवंटात ओलावा असतो तो माणसाच्या दाराशी. बागेतला नळ, एसीचं पाणी टपकतं ती फरशी, खजुराच्या झाडाचं आळं, फुटपाथच्या लाद्यांमधली फट. म्हणजे मुलं जिथं अनवाणी खेळतात तिथंच तिचं घर.

ही मुंगी नांगी मारते. मधमाशीची नांगी आपल्या अंगात अडकून राहते, हिची राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा मारू शकते. बहुतेकांना आग होते, सूज येते, खाज सुटते आणि दोन-चार दिवसांत बरं वाटतं. पण काहींच्या शरीराला ह्या विषाची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्या सर्वांगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास लागतो, ब्लडप्रेशर कोसळतं. ह्यालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. २००६ साली 'सौदी मेडिकल जर्नल'मधे समसुमच्या अशा रुग्णांवर लेख आला होता. माणसं दगावल्याचीही नोंद आहे. माझी मैत्रीण सांगते, "मुंगी चावली" म्हणून पेशंट आला की नव्यानं रुजू झालेल्या मुली आधी हसायच्या, मग बीपीचा आकडा पाहिल्यावर धावायच्या.

तेव्हा मी नातीला पहिला निरोप धाडला तो असा: घर नंतर बांध, बिऱ्हाडकरू कोण ते आधी ठरव.

सुदैवानं सौदीत ह्या कामाला योग्य अशी दुसरी मुंगी आहे. तिचं नाव मेसोर, धान्य गोळा करणारी. ती आपल्या इस्राएलमधेही सर्वत्र आहे, तुम्ही पाहिलेली आहे. कोरड्या, उघड्या जमिनीत बीळ, तोंडाशी टरफलांचा कोंडा गोल पसरलेला, आणि एक रुंद वाट, तिच्यावरून दाणे ओढणाऱ्यांची ये-जा. एकाच घरात लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्याच्या अशा तिन्ही मापांच्या कामकरी असतात. समसुम साऱ्या जवळपास एका मापाच्या. भिंग असेल तर कंबर पाहावी. मेसोरच्या कंबरेला दोन गाठी, समसुमच्या एकच.

पण एवढ्यावर विसंबू नये. एक गाठ आपल्या मुंगळ्यालाही असते आणि तो नांगी मारत नाही. दोन गाठी आग्या मुंगीलाही असतात आणि ती चांगलीच मारते. तोंडात दाणा दिसला म्हणून ती मेसोर असंही नाही, समसुमदेखील दाणे नेते. पक्की ओळख जाणकारानेच करावी. रियाधच्या किंग सौद विद्यापीठात कीटकांचं संग्रहालय आहे आणि अरबस्तानातल्या मुंग्यांचा अभ्यास करणारे लोक तिथं आहेत. नातीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी ओळख पटवून आणली, तेव्हा कुठं आईचा 'नाही' थोडा मऊ झाला.

ओळखीच्या गोष्टीत आपणही बेफिकीर राहू नये. इस्राएलमधे २००५ साली एक परदेशी मुंगी नोंदली गेली, वासमानिया नावाची. दीड मिलिमीटरची, नारिंगी, पण डंख असा की बागेत बसणं नको होतं. ही कुंडीतल्या मातीबरोबर गावोगाव जाते. तेव्हा शेजारणीची कुंडी आणताना आजी-आजोबांनी चष्मा लावून बुंध्याशी पाहून घ्यावं.

आता थोडं गमतीचं. बालमित्रांनो, हिब्रूत मुंगीला नेमाला म्हणतात, अरबीत नम्ला. सख्ख्या बहिणीच जणू. शेलोमो राजानं मिशलेमधे आळशाला मुंगीकडे शिकायला धाडलं आहे. कुराणाच्या २७व्या अध्यायाचं नावच 'मुंगी' आहे आणि त्यातही तोच राजा येतो, सुलेमान. युरोपातल्या विद्वानांना मात्र पुष्कळ काळ वाटे की मुंगी धान्य साठवते ही कवीची कल्पना असावी, कारण त्यांच्या थंड देशांतल्या मुंग्या साठवत नाहीत. आमच्या मिश्नेत पेआ नावाच्या भागात, शेतातल्या मुंगीच्या बिळात सापडलेलं धान्य मालकाचं की गरिबांचं, ह्याचा नियम दिलेला आहे! सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ. जे धान्य नाहीच त्याची वाटणी कोण कशाला लिहून ठेवील?

आणि साक्षीदार आपल्या पुण्याचा निघाला. कर्नल साइक्स नावाचे इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत होते. १८२९ साली पुण्याला त्यांनी पाहिलं की पाऊस होऊन गेल्यावर मुंग्यांनी गवताचं भिजलेलं बी बिळातून वर आणून उन्हात वाळत घातलं आहे. आपल्या आया गच्चीवर कुरडया-पापड घालीत तसं. पुढे १८७३ साली मॉगरिज ह्या इंग्रजानं दक्षिण फ्रान्समधल्या मांतों गावी बिळं उकरून आतली कोठारं दाखवली आणि शंका मिटली.

तर ह्या मेसोरची वसाहत सुरू करायची ती एका राणीपासून. बीळ खणायचं नाही. खणून राणी हाती लागत नाही, ती फार खोल असते. वसाहत मात्र मोडते, आणि रियाधमधे नको त्या बिळात हात जाण्याची भीती वेगळी. पाऊस पडून गेला की पंखवाल्या माद्या आणि नर बाहेर पडतात. संग झाल्यावर नर मरतात, मादी स्वतःचे पंख स्वतः गाळते आणि जागा शोधत एकटी जमिनीवर फिरते. तीच राणी. तिला बोटांनी न धरता रंगाच्या ब्रशानं नळीत सरकवायचं, पायात बूट, सोबत मोठं माणूस. नातीला नोव्हेंबरातल्या पावसानंतर अशी एक मिळाली.

पुढचं सामान पाहून मला हसू आलं, कारण ते सगळं आमच्या ड्रेसिंग ट्रेतलं! एक टेस्ट ट्यूब घ्यायची. तिचा तिसरा हिस्सा पाण्यानं भरायचा. त्यावर कापसाचा बोळा घट्ट, इतका की तो ओला राहील पण पाणी पुढे येणार नाही. मधल्या मोकळ्या जागेत राणी, आणि तोंडाला दुसरा बोळा, हा सैलसर, हवा जाईल असा. नळी टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या खणात. आठवड्यातून एकदाच पाहायचं, तेही अर्धा मिनिट. दर तासाला उघडून पाहिलं तर राणी घाबरते आणि आपलीच अंडी खाऊन टाकते.

खायला काय द्यायचं, हा नातीचा लगेच प्रश्न. काही नाही. पंख गेले म्हणजे पंखांचे दांडगे स्नायू आता बिनकामाचे झाले. तिचं शरीर ते विरघळवतं आणि त्यावरच ती स्वतः जगते, पिलांनाही भरवते. दीड-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी निघतात, इवल्याशा, कारण आईजवळ त्यांना द्यायला तेवढंच असतं. मी प्रसूतीच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण असं बाळंतपण पाहिलं नव्हतं.

आता घर. इथं मुलांची घाई होते. राणी आणि पाच मुंग्या झाल्या की लगेच मोठा बंगला बांधायला निघतात. वीस-पंचवीस कामकरी होईपर्यंत नळीच बरी. मोठ्या घराच्या रिकाम्या खोल्यांत त्या कचरा टाकतात, तिथं बुरशी धरते आणि वसाहत आजारी पडते.

जॉन ल्यूबॉक ह्या इंग्रज गृहस्थांनी काचेच्या दोन तावदानांमधे मातीचा पातळ थर ठेवून मुंग्या पाळल्या आणि १८८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली. हा आकडा मी नातीच्या आईला मुद्दाम कळवला, कारण मुलं कॉलेजला जातात आणि प्राणी आजीच्या गळ्यात पडतात. पुढे शार्ल जाने ह्या फ्रेंच माणसानं प्लास्टरमधे खोल्या ओतून वर काच बसवायची पद्धत काढली. आज मुलं तेच करतात, किंवा इटोंगचा ठोकळा कोरतात. इटोंग म्हणजे आपल्याकडे भिंतींना वापरतात तो पांढरा हलका ठोकळा, भारतात सिपोरेक्स म्हणतात तो. चमच्याच्या दांड्यानंही कोरता येतो. धूळ फार उडते, म्हणून ओला करून, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर कोरावा.

खोल्या बोटाच्या पेराएवढ्या असाव्यात, खोली साधारण एक सेंटीमीटर. खोल्यांना जोडणारी बोळकंडी. वरून काच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओली बाजू आणि सुकी बाजू. ठोकळ्याच्या एका टोकाला पाण्याची खाच करायची, आठवड्यातून एक-दोनदा ड्रॉपरनं पाणी घालायचं. तिथून ओल आत झिरपते आणि दुसऱ्या टोकापर्यंत जाता जाता संपते. मग मुंग्या आपलं आपण ठरवतात. अंडी आणि अळ्या ओलीजवळ, दाण्यांचं कोठार कोरड्यात. सगळं घर सारखं ओलं ठेवलं तर दाण्यांना मोड येतात. सगळं कोरडं ठेवलं तर अळ्या सुकतात, आणि रियाधमधे एसीच्या हवेत ते दोन दिवसांत होतं. मेसोरचे जबडे मात्र भक्कम, ओलं प्लास्टर त्या कुरतडून बाहेर येऊ शकतात. म्हणून ठोकळा काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात बसवावा.

काचेवर लाल पारदर्शक कागद लावला की मुंग्यांना जवळजवळ अंधार वाटतो, आणि आपल्याला आतलं दिसतं. घर खिडकीत ठेवू नये. काचेवर ऊन आलं की आतल्या मुंग्या काही मिनिटांत भाजून निघतात. फ्रिजवर किंवा वॉशिंग मशीनवरही नको, त्यांना थरथर सोसत नाही. २५ ते २८ अंश ठीक.

घराला नळीनं जोडून एक उघडी पेटी ठेवायची, ते त्यांचं अंगण. दाणे तिथं टाकायचे. आता अंगणातून त्या पळू नयेत म्हणून काय? पुन्हा आमचाच ट्रे. टाल्कम पावडर सर्जिकल स्पिरिटमधे कालवून पेटीच्या आतल्या काठाला दोन बोटं रुंद पट्टा लावायचा. स्पिरिट उडून गेलं की बारीक भुकटी राहते आणि मुंगीचे पाय घसरतात. हे काम मोठ्यांनी करायचं, गॅसपासून लांब, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पेटी जोडायची नाही.

खाणं सोपं आहे. बाजरी, तीळ, गवताचं बी, पक्ष्यांच्या दुकानातले औषध न लावलेले दाणे. आठवड्यातून एखादा मेलेला किडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण, अळ्यांना प्रथिनं लागतात म्हणून. युरोपातले लोक खसखस घालतात. सौदीत खसखशीला बंदी आहे, सामानात सापडली तर प्रकरण पोलिसांत जातं, तेव्हा तिथं जाणाऱ्यांनी मुंग्यांसाठी काय नि माणसांसाठी काय, ती नेऊच नये. दाणे घरात नेल्यावर मोठ्या डोक्याच्या मुंग्या ते फोडतात, सगळ्या मिळून चावून लाळेत मळतात आणि त्याचा गोळा करून अळ्यांना भरवतात. इंग्रज त्याला मुंग्यांचा पाव म्हणतात. मी भाकरी म्हणते, बाजरीचीच तर असते!

स्वच्छतेत तर त्या आमच्या मेट्रनला हरवतील. कचऱ्याचा कोपरा वेगळा, मेलेल्यांची जागा वेगळी. मेलेल्या मुंगीच्या अंगाला ओलेइक आम्ल सुटतं, त्याच्या वासावरून तिला उचलून नेतात. विल्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५८च्या सुमारास जिवंत मुंगीला ते आम्ल लावून पाहिलं. तिलाही उचलून स्मशानात नेऊन टाकलं, बिचारी पाय झाडत होती! अंग चाटूनपुसून साफ केल्यावरच तिला घरात घेतलं.

आता डंखाचं, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी लागेल. डंख मारल्यावर जागा धुऊन बर्फ लावावा. पण काही मिनिटांत अंगभर गांधी, आवाज बसणं, श्वासाला घरघर, उलट्या, चक्कर, ह्यांतलं काही सुरू झालं तर वाट पाहू नये. एपिपेन घरात असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, कपड्यावरूनसुद्धा द्यावं. अ‍ॅलर्जीची गोळी त्याच्या जागी चालत नाही. पेशंटला आडवं करून पाय उंच करावे, श्वास लागत असेल तर बसू द्यावं, उभं करू नये, चालवू तर मुळीच नये. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करावा: इस्राएलमधे १०१, सौदीत ९९७, महाराष्ट्रात १०८. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. आणि ज्याला एकदा असं झालं त्याने अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय राहू नये. नातीच्या आईची शेवटची अट हीच होती. एपिपेन कपाटात, आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या सर्वांना पाठ.

पुढे एक अडचण आली, तिचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. जूनमधे आईचा करार संपणार आणि कुटुंब वसईला परतणार असं ठरलं. नातीनं विचारलं, नळीत घालून राणीला बॅगेतून नेऊ का? नळी केवढीशी, कोणाला कळणार आहे?

मी ठाम नाही म्हटलं, आणि तिला केनियाची हकिकत कळवली. एप्रिल २०२५मधे बेल्जियमची दोन तरुण मुलं तिथं पकडली गेली. त्यांच्याजवळ सुमारे ५,००० राण्या होत्या, ह्याच मेसोरच्या जातीच्या, नळ्या-सिरिंजांमधे कापसाचे बोळे लावून भरलेल्या. परदेशात त्यांना मोठी किंमत येते. कोर्टानं दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर एक वर्ष तुरुंग अशी शिक्षा दिली. नातीची एकच होती आणि विकायची नव्हती, हे मला मान्य आहे. पण समसुमही कोणी ठरवून आणली नव्हती, वासमानियाही नाही. आपण देश सोडताना काय काय बांधून नेलं हे आमच्या पिढीला माहीत आहे; पाटा-वरवंटासुद्धा आणलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाटा-वरवंटा पिलं घालत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

मुलगी दोन दिवस बोलली नाही म्हणे. मग तिनं स्वतःच मार्ग काढला. त्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या एका वर्गमैत्रिणीला सगळी वसाहत देऊन टाकली, राणी आणि सत्तेचाळीस कामकरी. सोबत एक वही दिली. पाणी कधी घातलं, दाणे किती, कोणत्या दिवशी किती मेल्या, सगळं तारखेनिशी. आमच्या वॉर्डातल्या केस पेपरसारखी वही आहे, फोटो पाहिला मी. आईनं वरच्या मजल्यावर जाऊन दोघा पालकांना एपिपेनचं शिकवलं.

गेल्या आठवड्यात वसईमार्गे नवा प्रश्न आला आहे. मुंग्या दोनशेच्या वर गेल्या, दुसरी पेटी जोडायची आहे, तर सलाइनच्या सेटची नळी चालेल का? मी कळवलं आहे, ती नको. ती अरुंद पडते, मोठ्या डोक्याच्या मुंग्या दाण्यासकट तिच्यात अडकतील. फिशटँकच्या दुकानात जाडी पारदर्शक नळी मिळते, आतून एक सेंटीमीटर रुंद, ती घ्यावी.